कराओकेचा वायरलेस माईक: घेण्याआधी उघडून पाहा

उघड्या मांडवातला कराओके कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू झाला, तर दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. हाती राहतात चार तास. निवेदनासकट एका गाण्याला पाच-सहा मिनिटं धरली तर चाळीसेक गाणी होतात, आणि त्यातली निम्मी युगुलगीतं असली तर माईक साठ वेळा हातात दिला-घेतला जातो. कधी घामेजलेल्या हातात, कधी टेबलाच्या कडेला, कधी निवेदकाच्या काखेत. व्यावसायिक गायकाचा माईक वर्षभरात इतके हात पाहत नाही. म्हणून कराओकेसाठी माईक निवडताना आवाजाच्या गोडव्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. पडल्यावर त्याचं काय होतं? गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत त्याचं काय होतं? आणि बिघडला तर तो उघडून नीट करता येतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोन उत्तरांना फारशी किंमत उरत नाही.

हातात जड लागला म्हणजे माईक मजबूत, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो निकष धरून खरेदी करू नका. शुअरच्या बीएलएक्स मालिकेतल्या हातमाईकचं अंग एबीएस प्लास्टिकचं आहे, तरी भाड्याने साहित्य देणाऱ्यांच्या पेट्यांत तो सर्रास दिसतो. उलट चमकदार धातूच्या नळीत हलकी कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) आणि पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा घालून विकले जाणारे माईकचे जोडही बाजारात भरपूर आहेत. माईक अंगामुळे क्वचितच मरतो. तो मरतो जाळी, कॅप्सूल, स्विच, सेलचा कप्पा आणि शेपटीतला अँटेना या पाच जागी.

पडल्यावर

जाळीपासून सुरुवात करा. स्टीलच्या तारेची गोल जाळी पडल्यावर दबते, आणि ती दबायलाच हवी, कारण धक्का तीच पिते आणि आतली कॅप्सूल वाचवते. प्रश्न एवढाच की दबलेली जाळी बदलता येते का. दुकानातच ती डावीकडे फिरवून काढून पाहा. आट्यांवर सहज फिरून निघाली पाहिजे आणि परत बसवताना वाकडी चढता कामा नये. जाळी चिकटवलेली असेल तर तो माईक घेऊ नका. अशा माईकची आतून स्वच्छता कधीच होणार नाही.

जाळी निघाली की कॅप्सूल दिसते. तिच्या कडेला बोटाने अगदी हलका दाब द्या. रबराच्या गादीवर बसलेली कॅप्सूल किंचित खाली जाते आणि परत वर येते. प्लास्टिकच्या खोबणीत घट्ट ठोकलेली असेल तर दोन तोटे होतात. माईक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होणारी डबडब स्पीकरमधून ऐकू येते, आणि पडल्यावर धक्का थेट आतल्या वेटोळ्याला बसतो. डायनॅमिक कॅप्सूलमध्ये पातळ पडद्याला चिकटवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं चुंबकाच्या अरुंद फटीत हलत असतं. ते जरा तिरकं झालं की फटीच्या भिंतीला घासायला लागतं. मग हळू गाताना सगळं ठीक वाटतं, पण सूर चढला की खरखर येते. रिसीव्हर (माईकचा सिग्नल पकडणारा डबा) किंवा स्पीकर बिघडला असं समजून लोक नेमके याच बिघाडामागे चुकीच्या जागी फिरत राहतात.

कराओकेला डायनॅमिक कॅप्सूलच घ्या. कंडेन्सर कॅप्सूल बारकावे छान पकडते, पण ती ओलावा सहन करत नाही. चरचरते, आवाज बसतो. शिवाय ती बाजूच्या स्पीकरचा आवाजही बऱ्याचदा जास्त उचलते. शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक माईक १९६६ साली आला आणि आजही त्याच घडणीत विकला जातो. त्याची जाळी आणि कॅप्सूल वेगवेगळी बदलता येतात. त्याची नक्कलही बाजारात भरपूर आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावरच घ्या. तारेचा खरा एसएम५८ साधारण ३०० ग्रॅमचा असतो आणि हलवला तर आत काही वाजत नाही.

वायरलेसमध्ये आणखी एक फरक पाहा. शुअरची एसएलएक्स-डी किंवा सेनहायझरची इव्होल्यूशन वायरलेस डिजिटल यांच्या हातमाईकचं अख्खं डोकं आट्यांवर बदलता येतं. कॅप्सूल खराब झाली तर नवं डोकं लावून त्याच रात्री माईक उभा राहतो. बीएलएक्समध्ये ही सोय नाही. वर्षाला चार-पाच कार्यक्रम असतील तर बीएलएक्ससारखी मालिका पुरते. दर आठवड्याला कार्यक्रम करणाऱ्या मंडळाने मात्र डोकं बदलता येणारी मालिका घ्यावी, एखादा माईक कमी घ्यावा लागला तरी.

माईक पडतो कसा, याचाही विचार व्हायला हवा. हातातून सुटण्यापेक्षा टेबलावरून घरंगळून तो जास्त वेळा पडतो. गोल जाळी आणि गोल अंग, खाली साटीनचा टेबलक्लॉथ, त्यात व्यासपीठाला किंचित उतार. जाळीच्या मानेवर बसणारी षट्कोनी रबरी कडी ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. प्रत्येक माईकला वेगळ्या रंगाची कडी लावा. पडणं थांबतं, आणि मिक्सरवाल्याला ‘लाल माईक वाढव’ असं सांगताही येतं.

स्विच हा पुढचा कमजोर बिंदू. सरकता स्विच अंगाच्या वर आलेला असेल तर बोट लागून बंद होतो, आणि गाणं संपल्यावर हौशी गायक तो सवयीने बंद करतोच. पुढचा माणूस पहिली ओळ मुक्या माईकमध्ये गातो. स्विच लॉक करता येतो का, हे खरेदीच्या वेळी विचाराच. नसेल येत तर कार्यक्रम सुरू होताना माईक चालू करून स्विचवर कापडी चिकटपट्टी लावा आणि बंद-चालू फक्त मिक्सरवर ठेवा. दुकानात तो स्विच वीस वेळा चालू-बंद करा. एकदाही अडकला किंवा स्पीकरमधून ‘ठप्प’ आवाज आला तर दुसरा नग मागा.

सेलच्या कप्प्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. माईक चालू ठेवून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर त्याचं बूड दोन-तीन वेळा जरा जोरात आपटा आणि रिसीव्हरच्या सिग्नलच्या दिव्याकडे बघत राहा. दिवा क्षणभरही गेला तर आतली स्प्रिंग मऊ आहे, सेल उसळून संपर्क सोडतोय. कार्यक्रमात हेच ‘मधूनच आवाज जातो’ म्हणून दिसतं आणि दोष फ्रिक्वेन्सीला दिला जातो. झाकण अंगावर फिरवून बसणारं असेल तर उत्तम. पातळ प्लास्टिकच्या आकड्यावर अडकणारं झाकण असेल तर ते सुटं मिळतं का, हे विचारून ठेवा. आकडा पुढेमागे तुटतोच.

खारं वारं आणि पावसाळा

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. किनारपट्टीवर उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं. कळंगुटच्या शॅकमध्ये किंवा पाळोळ्याच्या किनाऱ्यावर एक हंगाम काढलेला माईक आणि किनाऱ्यापासून आत, साखळी-डिचोलीच्या सभागृहात तेवढाच वापरलेला माईक उघडून शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे स्प्रिंगांवर, जाळीच्या आतल्या बाजूला आणि रिसीव्हरच्या जॅकमध्ये गंज धरतो. बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून स्प्रिंग आणि संपर्कपट्ट्या निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या आहेत का, ते पाहून घ्या. घासलेल्या तांबूस-काळपट पट्ट्या नव्या मालात दिसल्या तर तो माल जुना आहे. किनाऱ्यावर वाजवल्यानंतर माईकचं अंग आणि जाळी आधी साध्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं फडकं मीठ पसरवतं, काढत नाही.

दुसरा त्रास वातानुकूलित सभागृहातून किंवा गाडीतून माईक थेट उघड्यावर आणल्याने होतो. थंड धातूवर बाहेरची दमट हवा लागली की पाण्याचे कण धरतात आणि आवाज कोंदट होतो. पेटी बंदच ठेवून वीस ते तीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा. पेटीतला फोम एकदा भिजला की आठवडाभर ओल सोडतो, त्यामुळे तो काढून वाळवता येईल अशीच पेटी घ्या. सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या दाण्यांची पुडी प्रत्येक पेटीत ठेवा, रंग पालटला की दाणे मंद आचेवर कोरडे करून परत वापरा.

फ्रिक्वेन्सी: दुपारी चालतो, रात्री तुटतो

दुपारी रिकाम्या सभागृहात माईक शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ चालतो आणि रात्री प्रेक्षक भरले की व्यासपीठावरच आवाज तुटतो. मग लोक सेल बदलतात, अँटेना हलवतात. कारण बहुतेक वेळा समोरच बसलेलं असतं: चारशे लोक आणि त्यांचे चारशे मोबाईल.

आपल्याकडे मोबाईल फोन ज्या पट्ट्यांत टॉवरकडे सिग्नल पाठवतात त्यातले तीन वायरलेस माईकच्या अगदी जवळ येतात: साधारण ७०३ ते ७४८, ८२४ ते ८४४ आणि ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ. यातला ७०० चा पट्टा पूर्वी मोकळा होता. २०२२ च्या लिलावात त्यातला काही भाग विकला गेला आणि ५जी साठी वापरात आला. म्हणजे आधी तिथे बिनबोभाट चालणारा माईक आज तुटू शकतो, माईकमध्ये काहीही बिघडलेलं नसताना. माईकच्या मागे किंवा कागदावर फ्रिक्वेन्सी छापलेली असते, ती वाचा. ७०० च्या वरचा आकडा असेल तर, किंमत कितीही खाली आली तरी, कराओकेसाठी घेऊ नका. साधारण ५०० ते ६९० मेगाहर्ट्झमधला आणि फ्रिक्वेन्सी बदलता येणारा संच पाहा. जुना माईक विकत घेताना तर हीच गोष्ट सगळ्यात आधी तपासायची. कोणीतरी चांगला माईक स्वस्तात काढतोय, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची मंजुरी लागते. परदेशातून आणलेला संच तिथल्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो, इथे तो फोनच्या पट्ट्यात पडू शकतो. आखातातून किंवा युरोपातून येणाऱ्या नातेवाइकाला माईक आणायला सांगण्याआधी हा मुद्दा लक्षात ठेवा. गोव्यात तसे माईक बऱ्याच घरांत येतात.

२.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल माईक घरच्या सरावाला चांगले. छोटे असतात आणि लगेच जोडले जातात. पण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आहेत, आणि माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी सहज शोषून घेतं. मोकळ्या मैदानावर छापील अंतर गाठणारा असा माईक गर्दीने भरलेल्या मंडपात दहा-बारा मीटरवरच अडखळू शकतो. ब्लूटूथ माईक तर कार्यक्रमाला नकोच. त्यात आवाज पोहोचायला साधारण सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. गायकाला आपलाच आवाज मागून ऐकू येतो आणि तो ताल सोडतो. चांगल्या डिजिटल यूएचएफ (वर सांगितलेल्या ५०० ते ६९० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यातल्या) माईकमध्ये हा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे स्पीकरपासून एक मीटर लांब उभं राहण्याइतका. तेवढा कोणालाच जाणवत नाही.

दोन अँटेना म्हणजे डायव्हर्सिटी नव्हे

हा मुद्दा जरा सविस्तर, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

माईकचा सिग्नल रिसीव्हरकडे एका वाटेने जात नाही. तो पत्र्याच्या छपरावर, लोखंडी ट्रसवर, खांबावर आपटून अनेक वाटांनी येतो. काही जागी हे सिग्नल एकमेकांना मारतात आणि तिथे आवाज जातो. ५५० मेगाहर्ट्झला अशा मेलेल्या जागा साधारण पाव मीटरच्या अंतराने येतात, म्हणजे गायकाने एक पाऊल टाकलं तरी तो त्यातून जातो. मांडवीवरच्या बोटींत आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयांत हे फार होतं, कारण सगळीकडे लोखंड. उपाय म्हणजे एकाच माईकसाठी दोन अँटेना आणि दोन रिसीव्हर, ज्यांतून दर क्षणी चांगला सिग्नल निवडला जातो. यालाच ट्रू डायव्हर्सिटी म्हणतात.

आता स्वस्त जोड-माईकच्या रिसीव्हरलाही दोन अँटेना असतात. पण बहुतेकांत एक अँटेना पहिल्या माईकची, दुसरी दुसऱ्याची. निवडीला जागाच नाही. परीक्षा करायला एकच माईक चालू ठेवा, गात राहा आणि आधी एक अँटेना काढा किंवा खाली पाडून हाताने झाका, मग दुसरी. खऱ्या डायव्हर्सिटीत आवाज दोन्ही वेळा टिकतो आणि रिसीव्हरवरचे ए आणि बी असे दिवे आलटून पालटून लागतात. एका अँटेनाला हात लावल्यावर काहीच फरक पडला नाही आणि दुसरीला लावताच आवाज गेला, तर तो संच डायव्हर्सिटीचा नाही.

अँटेना पेचाने निघणाऱ्या असाव्यात, सळईसारख्या कायमच्या बसवलेल्या नसाव्यात. निघणारी अँटेना मोडली तर दुसरी लागते, आणि वायर लावून ती स्टँडवर उंच नेता येते.

एका संचात चार माईक वापरायचे असतील तर फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ठेवू नका. ५२०, ५२१ आणि ५२२ मेगाहर्ट्झवर तीन माईक लावले तर पहिले दोन जवळ आल्यावर त्यांच्यातून ५१९ आणि ५२२ अशा भुताच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि तिसरा माईक त्यात सापडतो. युगुलगीतात दोघे एकमेकांजवळ उभे राहतात, तेव्हाच नेमकं हे होतं. कंपनी प्रत्येक गटात एकत्र चालणारी चॅनेलं ठरवून देते. सगळे माईक एकाच गटातून, त्यातली वेगवेगळी चॅनेलं निवडा. म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांचे चार माईक गोळा करण्यापेक्षा एकाच मालिकेतले घेणं शहाणपणाचं.

सेल

दोन एए सेलवर चालणारा माईक घ्या. आतच बॅटरी असलेले, यूएसबीवर चार्ज होणारे माईक सोयीचे वाटतात, पण बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि ती सोल्डर केलेली असेल तर चांगली कॅप्सूल असलेला माईक कचऱ्यात जातो. बदलता येणारी लिथियम बॅटरी असेल तर हरकत नाही, पण ती बॅटरी गोव्यात किंवा ऑनलाइन सुटी मिळते का, हे आधी पाहा.

चार माईकना एका वेळी आठ सेल लागतात. निकेल-मेटल हायड्राइडचे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे, सुमारे २००० मिलिअँपिअर-तासांचे सोळा सेल ठेवा. आठ सेल माईकमध्ये, आठ सेल राखीव. चार्जर प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा हवा. जोडीने चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये कमजोर सेल अर्धवट राहतो आणि जोडीतल्या चांगल्या सेललाही खाली ओढतो. सेलवर तारीख आणि जोडीचा क्रमांक लिहा, जोड्या कधी मिसळू नका. या सेलचा दाब शेवटपर्यंत १.२ व्होल्टजवळ राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे माईकवरच्या दिव्यावर विसंबू नका. मध्यंतरात सेल बदलूनच टाका. काही माईकच्या ट्रान्समीटरच्या (सिग्नल पाठवणाऱ्या भागाच्या) मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडता येतो. तो निवडला तर दाखवला जाणारा वेळ बराच खरा निघतो.

अल्कलाइन सेल कार्यक्रम संपताच काढायचे, दुसऱ्या दिवशी नाही. विसरलेला सेल दमट हवेत फुटतो आणि त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. गळती झालीच तर कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पांढरा थर काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. पट्टी हिरवी होऊन कुरतडली गेली असेल तर ती बदलण्यावाचून इलाज नाही.

दुकानातली तपासणी आणि एक रात्र भाड्याने

म्हापसा, मडगाव किंवा पणजीच्या दुकानात गेलात तर स्वतःचे सेल, स्वतःची एक्सएलआर (माईकची तीन पिनांची) केबल आणि ओळखीचं गाणं सोबत न्या. आधी रिसीव्हर चालू, माईक बंद, आवाज पूर्ण वर. स्पीकरमधून काहीच यायला नको. ‘सूऽऽ’ असा आवाज आला तर माईक बंद पडताच सभागृहात तोच आवाज घुमेल. मग माईक चालू करून सेलचं झाकण उघडा आणि चालू असतानाच सेल काढा. रिसीव्हरने शांतपणे आवाज बंद केला पाहिजे, स्फोट नाही.

मग बोलत बोलत दुकानाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे जा. माईक अंगामागे धरा, शेपटी मुठीत घट्ट पकडा, कारण हौशी गायक तसाच धरतो आणि शेपटीत अँटेना असतो. छापील १०० मीटरचा आकडा मोकळ्या मैदानाचा असतो. अंग मध्ये असताना ३० मीटर मिळाले तर आपल्या सभागृहांना ते पुरेसं आहे. एका हातात दोन माईक एकमेकांना टेकवून धरा आणि दोन्हीतून बोला, आवाज मिसळला किंवा फाटला तर फ्रिक्वेन्सीची निवड चुकली आहे. शेवटी फोन माईकच्या आणि रिसीव्हरच्या शेजारी ठेवून कॉल लावा.

एवढं करूनही खरा निकाल गर्दीतच लागतो. तोच संच एका रात्रीसाठी भाड्याने घेऊन तुमच्या नेहमीच्या जागी, प्रेक्षकांसमोर चालवा. दोन-तीन हजारांत मिळणारा जोड आणि चांगला संच यातला फरक दुकानात दहा मिनिटांत कळत नाही, तो साडेआठच्या सुमाराला, सभागृह भरल्यावर कळतो.

किती माईक घ्यायचे? दोन गायकांना, एक निवेदकाला. निवेदक प्रेक्षकांत फिरतो, मागे रिसीव्हरकडे पाठ करून उभा राहतो, म्हणून त्याला सगळ्यात चांगल्या पल्ल्याचा माईक द्या. चौथा राखीव, आणि तो तारेचा असला तरी चालेल. खरं तर तारेचाच असावा: १० मीटर एक्सएलआर केबल, स्टँड, मिक्सरवर चॅनेल तयार. बजेट कमी असेल तर सहा हलक्या माईकपेक्षा दोन चांगले वायरलेस आणि एक तारेचा असा संच घ्या.

व्यासपीठावर

रिसीव्हर जमिनीवर किंवा स्पीकरच्या मागे ठेवू नका. अँटेना प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर, दीड-दोन मीटर उंचीवर, एकमेकींपासून इंग्रजी ‘व्ही’सारख्या तिरक्या ठेवा. गायकापासून किमान तीन मीटर, आणि एलईडी पडद्यापासून व त्याच्या पॉवर सप्लायपासून जमेल तेवढं लांब. असे पडदे रेडिओचा कचरा सोडतात. पडदा लावल्यावर माईकचा पल्ला निम्म्यावर आला तर दोष तिथेच शोधा. म्हणूनच तपासणी पडदा, दिवे आणि वायफाय चालू करूनच करायची.

जत्रेच्या जनरेटरवर दाब वरखाली होतो. मिक्सर आणि रिसीव्हर छोट्या यूपीएसवर लावा, रिसीव्हर फार वीज खात नाहीत. अ‍ॅडॅप्टरवर माईकचं नाव लिहून चिकटवा. पिन सारखी दिसली तरी धन-ऋण उलटं असलेला अ‍ॅडॅप्टर रिसीव्हर जाळतो.

स्पीकरमधून येणारी शिट्टी बहुतेक वेळा हातामुळे येते. गायकाने जाळी मुठीत धरली की मागची छिद्रं बंद होतात आणि माईक सगळ्या दिशांनी ऐकायला लागतो. हौशी गायकांसाठी कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक घ्या आणि मॉनिटर स्पीकर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा) थेट माईकच्या शेपटीसमोर ठेवा, तिथे तो सगळ्यात बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड माईक नेमका मागूनही थोडा ऐकतो, त्याला मॉनिटर जरा बाजूला लागतो. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचा जड आवाज कापा. ट्रान्समीटरवरचा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) सगळ्यात मोठ्या आवाजाच्या गायकाला त्याची सगळ्यात चढी ओळ गायला लावून ठरवा. तिथे आवाज फाटला तर मिक्सरवर तो दुरुस्त होत नाही.

नंतरची निगा

चाळीस तोंडांजवळून गेलेला माईक दुसऱ्या कार्यक्रमाला तसाच देऊ नका. जाळी फिरवून काढा, आतला फोम बाहेर घ्या, दोन्ही सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा आणि एक पूर्ण दिवस सावलीत वाळू द्या. कॅप्सूलवर पाणी किंवा स्प्रे कधीच नाही. कार्यक्रमाच्या मध्ये जाळी पुसायची तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्या, माईकवर ओतू नका. फोम हाताला चुरा होऊन लागायला लागला की बदला; तो चुरा कॅप्सूलवर बसला की वरचे सूर मेल्यासारखे वाटतात. प्रत्येक माईकमागे एक सुटी जाळी आणि दोन फोम विकत घेतानाच घ्या. मॉडेल बंद झाल्यावर ते मिळत नाहीत.

चवथीचे कार्यक्रम पावसाळ्याच्या शेवटी येतात, म्हणजे माईक सगळ्यात जास्त ओल खाऊन बाहेर निघतो तो तेव्हाच. चवथीच्या पंधरा दिवस आधी सगळे माईक काढा, संपर्कपट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, सिलिका जेल बदला, ताजे सेल घालून प्रत्येक माईक सलग एक तास चालू ठेवा आणि तळव्यावर बूड आपटण्याची ती परीक्षा पुन्हा करा. ज्याचा दिवा मिचकला त्याची स्प्रिंग बदलून घ्यायला तेवढे दिवस हातात राहतात.